मालावी: तुरीच्या पोत्यावरचं नाव आणि तिथली माणसं

भाकरतुकडा

मागच्या आठवड्यात भाजीबाजाराच्या धाग्यावर वाशीच्या मीराताईंनी विचारलं होतं की नोव्हेंबरात मार्केटला मालावी हापूस आलाय, हे मालावी नेमकं कुठे आहे, तिथे कोण राहतं, काय खातात, कुठला धर्म पाळतात. तिथे दोन ओळीत उत्तर दिलं पण मन भरलं नाही म्हणून हा वेगळा धागा काढतेय. मी मूळची उदगीरची. २०१६ पासून लिंबेत राहते. लिंबे म्हणजे ब्लँटायर शहराला चिकटलेलं गाव, भारतीय व्यापाऱ्यांची जुनी दुकानं आणि गोदामं सगळी इथेच. तूर खरेदी करून भारतात पाठवणाऱ्या एका गोदामात मी हिशेब बघते. म्हणजे वडील तूर पिकवायचे आणि मुलगी आफ्रिकेत तूर मोजते, असं आहे माझं.

मालावी टांझानिया, झांबिया आणि मोझांबिक या तिघांच्या मधे अडकलेला लांबट देश. समुद्र नाही. पण सरोवर एवढं मोठं आहे (लांबी ५८० किलोमीटरच्या आसपास) की मधे कुठे उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसतोच असं नाही, लाटा येतात, वाळू आहे, कोळ्यांच्या होड्या आहेत. महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान देश आणि २०१८ च्या जनगणनेला १ कोटी ७५ लाख लोक होते, आता दोन कोटींच्या वर गेलेत. शंभरातले चौऱ्याऐंशी खेड्यात. जवळजवळ सगळे मका लावतात आणि बहुतेकांकडे जमीन एक-दोन एकराच्या आतबाहेर.

समुद्र नसणं म्हणजे काय हे मला इथे येऊन कळलं. खत, डिझेल, औषधं, सगळं मोझांबिकच्या बैरा किंवा नकाला बंदरावर नाहीतर टांझानियाच्या दार-ए-सलामला उतरतं आणि तिथून ट्रकने किंवा रेल्वेने वर येतं. त्याचं भाडं प्रत्येक गोष्टीच्या किमतीत बसलेलं असतं. बाहेर विकायला मुख्य म्हणजे तंबाखू, मग चहा, साखर, आणि आपली तूर. डॉलर आत येतात थोडे आणि बाहेर जातात जास्त. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत डॉलरचा भाव ११८० क्वाचावरून १७०० वर नेला. दुसऱ्या दिवशी दुकानात साबणाची वडी, तेल, मिठाची पुडी, सगळ्याचे भाव बदललेले. मी पगारपत्रक करत होते आणि आकडे तेच होते, पण त्या आकड्यात आता घर चालणार नव्हतं. त्या महिन्यात गोदामातल्या बायकांच्या डोळ्याला डोळा देणं मला फार जड गेलं.

क्वाचा म्हणजे उजाडलं. आणि त्यातली सुटी नाणी, तांबाला, म्हणजे कोंबडा. पैशाचं एवढं सुंदर नाव मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

माणसांबद्दल. चेवा सगळ्यात जास्त, साधारण एक तृतीयांश. मग लोम्वे, याओ, न्गोनी, तुम्बुका, सेना, मांगांजा. भाषा बऱ्याच आहेत पण चिचेवा बहुतेक सगळीकडे चालते. न्गोनी मूळचे खाली दक्षिण आफ्रिकेतले, एकोणिसाव्या शतकात झुलूंच्या लढायांच्या काळात लढत लढत वर आले, त्यांची पुरुषी रीत, मुलीकडच्यांना गुरं द्यायची. चेवा, याओ, लोम्वे यांची रीत मात्र आईकडून चालते. जमीन आईकडून मुलीला. लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला जातो. आणि घरात शब्द कुणाचा, तर मामाचा. लग्न ठरवताना, मोडताना, भांडण मिटवताना मामा बसतो, त्याला न्खोस्वे म्हणतात. बहिणी आणि त्यांची मुलं मिळून जो गोतावळा त्याला म्बुम्बा, आणि मामाने त्या म्बुम्बाची काळजी घ्यायची. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझे उदगीरचे मामा आठवले, लग्नात अंतरपाटामागे उभे असलेले. आपल्याकडे त्या मानाचा विधी उरलाय, इथे मामाच्या हातात अजून खरा अधिकार आहे.

जेवण म्हणजे न्सिमा. मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड समजा, हाताने गोळा करून कालवणात बुडवून खायची. न्सिमा पोटात गेली नाही तर माणूस जेवला असं धरत नाहीत, भात खाल्ला तरी नाही. कालवण बहुतेक पाल्याचं: भोपळ्याची पानं, मोहरीचा पाला, माठ, चवळीसारख्या शेंगांची पानं, आणि त्यात शेंगदाण्याचा कूट! आपल्याच घरातली भाजी वाटते. सरोवराकडे चांबो मासा, आणि गरिबाघरी उसिपा म्हणून बोटाएवढे सुके मासे. जेवायच्या आधी घरातली मुलगी तांब्यातलं पाणी हातावर घालते, आणि जेवण उजव्याच हाताने.

बाकी धर्माबद्दल लिहायचं राहिलंय, ते प्रतिसादांत लिहीन. विचारा काय विचारायचं ते.

वाशीची मीरा

अगं किती छान लिहिलंस! मी फक्त आंब्याचं विचारलं होतं. तो हापूस खरंच आपल्या कलमांचा आहे का? आमच्याकडे विकणारे सांगतात कोकणातून नेलेली झाडं आहेत म्हणून, चवीला बरा होता, पण डिसेंबरात आंबा खाताना कसंतरीच वाटलं.

भाकरतुकडा

हो मीराताई, कोकणातून नेलेल्या कलमांचाच आहे. विषुववृत्ताच्या खाली असल्याने इथले ऋतू उलटे, जून-जुलै थंडी आणि नोव्हेंबर-डिसेंबर उन्हाळ्याचा शेवट, म्हणून आंबा तेव्हा पिकतो. पण ती मोठ्या बागायतीची गोष्ट आहे, खेड्यातल्या माणसाचा आंबा वेगळा, रस्त्याकडेची रायवळ झाडं. तो आंबा येतो तेव्हा घरातला मका संपत आलेला असतो, आणि कितीतरी पोरं दुपारचं जेवण म्हणून आंबेच खातात. हे मी वाचलेलं नाही, रोज बघते.

इथे वर्षाचे दोन भाग. एप्रिल-मे मध्ये मका निघतो, कणग्या भरतात, लग्नं होतात, सगळे हसतात. मग डिसेंबरपासून कणगी तळाला लागते आणि नवा मका यायला मार्च उजाडतो. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे न्जाला, भूक. पाऊस पडतोय, सगळं हिरवंगार, बाहेरून बघणाऱ्याला वाटेल काय समृद्धी, आणि घरात पीठ नाही. तेव्हा माणसं गान्यु करायला जातात, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात रोजाने, त्या दिवसाच्या पिठासाठी. आणि नेमकं तेव्हाच स्वतःच्या शेतात खुरपणीची वेळ असते. स्वतःचं शेत तणात जातं, उतारा कमी येतो, पुढच्या वर्षी कणगी अजून लवकर रिकामी होते. या चक्रातून बाहेर कसं पडायचं हे मला कुणी नीट सांगू शकलेलं नाही. २००२ साली तर मोठा दुष्काळ झाला, आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अजून वर्षं त्याच्यावरून मोजतात, अमुक पोर भुकेच्या साली झालं असं.

औसेकर शेतकरी

ताई तुम्ही चांगलं लिहिलंय पण मला बोलू द्या. मी औशाचा, सात एकर कोरडवाहू, तूर आणि सोयाबीन. आमची तूर बाजारात यायच्या टायमाला तुमची ही आफ्रिकेची तूर बंदरात उतरलेली असती आणि भाव पडतो. २०१७ ला हमीभाव ५०५० होता आणि आम्ही चार हजाराच्या खाली विकली, खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून रांगेत ट्रॅक्टर उभे करून झोपलो. तुम्ही उदगीरच्या म्हणता, तुमच्या वडिलांनी पण तूरच पिकवली म्हणता, मग तुम्हाला तिकडून माल पाठवताना काही वाटत नाही का. राग नाही, मनापासून विचारतोय.

भाकरतुकडा

दादा, वाटतं. २०१७ ला माझ्या वडिलांची तूर पण त्याच रांगेत होती. म्हणून हे सविस्तर सांगते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारत सरकारने बाहेरच्या तुरीवर बंधन घातलं, वर्षाला दोन लाख टनाच्या वर घ्यायची नाही. तुमच्या-माझ्या वडिलांचा माल आधीच मातीमोल विकला गेला होता, त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. आणि इकडे फालोम्बे, थ्योलो, मुलांजे, चिरादझुलू भागात तूर नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये निघते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की दिल्लीत कागद निघालाय. बाया डोक्यावर पोती घेऊन दहा-दहा किलोमीटर चालत आल्या आणि गोदामाच्या फाटकावर भाव ऐकून तिथेच बसल्या. काहींनी पोती परत नेली नाहीत, उचलून नेण्याएवढा पण त्याचा भाव नव्हता. मी आत टेबलावर बसलेली, वडिलांचा फोन येऊन गेलेला, आणि बाहेर ह्या. त्या दिवशी मी जेवले नाही.

तुरीला इथे नान्दोलो म्हणतात. दक्षिणेकडच्या भागात मक्याच्या ओळीत लावतात, मका एप्रिलमध्ये निघून जातो आणि तूर मागे उभी राहते, ओलाव्यावर वाढते, थंडीत शेंगा धरते. खत नाही, फवारणी जवळजवळ नाही. पाऊस दगा देऊन मका गेला तरी तूर काहीतरी देते. शेत बायकोच्या नावाचं, म्हणजे तुरीचा पैसा पुष्कळदा बाईच्या हातात येतो, त्यातून पोरांची फी, मीठ, साबण, आणि पुढच्या मक्याचं खत. पुढे २०२१ मध्ये भारताने मालावीशी करार केला, वर्षाला ५०,००० टन, पाच वर्षं. मोझांबिकशी दोन लाख टनांचा. त्याने जरा शाश्वती आली. पण गावातून माल गोळा करणारा मधला माणूस काटा मारतो तो मारतोच, आणि सुरुवातीला पोराच्या फीसाठी अडलेल्यांकडून निम्म्या भावात उचलतो. तुमच्याकडे पण हेच ना?

म्हणून मला फालोम्बेच्या बाईवर राग धरता येत नाही. तिने तुमचा भाव पाडलेला नाही. आपली तूर कमी पडते म्हणून आपण मागवतो, आणि कधी मागवायची, किती मागवायची हे ठरवताना ना औशाच्या माणसाला विचारतात ना तिला.

औसेकर शेतकरी

समजलं ताई. दोन्हीकडं सारखंच दिसतंय मग. वडिलांना नमस्कार सांगा.

निवांत

वाचतोय, थांबू नका. धर्माचं लिहिणार होतात. मी वाचलं होतं की ख्रिश्चन देश आहे पण एक राष्ट्राध्यक्ष मुसलमान होते. भांडणं होत नाहीत का?

भाकरतुकडा

(दादा, वडील २०२१ ला गेले. ते खाली कधीतरी लिहीन.)

निवांत, २०१८ च्या मोजणीत ७७ टक्के ख्रिश्चन आणि जवळजवळ १४ टक्के मुसलमान. ख्रिश्चनांत कॅथलिक आणि प्रेस्बिटेरियन मोठे, शिवाय पेंटेकोस्टल, बाप्टिस्ट, ॲडव्हेंटिस्ट आणि गल्लीगल्लीतली नवी चर्चेस. स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन या धर्मप्रसारक प्रवाशाच्या मागोमाग आले, ब्लँटायर हे नावसुद्धा लिव्हिंग्स्टनच्या जन्मगावाचं. इस्लाम त्याच्याही आधीचा, हिंद महासागराच्या किनाऱ्यावरून स्वाहिली-अरब व्यापाऱ्यांबरोबर आला. हस्तिदंत आणि गुलाम यांचा व्यापार. न्खोताकोटाला गुलामांचा बाजार भरायचा आणि सरोवरातून होड्यांनी माणसं पलीकडे नेत. याओ सरदार त्या व्यापारात होते, तेच मुसलमान झाले, म्हणून आजही मांगोची भागात याओ म्हणजे मुसलमान असं बहुतेक धरतात. गुलामीचा इतिहास असूनही आज त्यावरून कुणी कुणाला बोलत नाही, निदान मी ऐकलेलं नाही.

बाकिली मुलुझी १९९४ मध्ये निवडून आले, ते याओ मुसलमान. त्यानंतरचे सगळे ख्रिश्चन, आणि २०२० ते २०२५ चे लाझारस चकवेरा तर आधी पाद्रीच होते. एकाच घरात भाऊ मुसलमान आणि बहीण ख्रिश्चन हे मी कितीतरी घरांत बघितलंय, ईदला सगळे एका घरी, नाताळला दुसऱ्या. वाद होतच नाहीत असं नाही. २०१९ मध्ये बलाका जिल्ह्यात मिशनच्या शाळेत मुलींनी हिजाब घालायचा की नाही यावरून मारामारी झाली. रास्ताफारी या जटा राखणाऱ्या पंथाच्या लोकांच्या पोरांना केसांच्या जटांमुळे शाळेत घेत नसत, त्यांनी वर्षानुवर्षं कोर्टात लढा दिला आणि २०२३ ला हायकोर्टाने सांगितलं की घ्यावंच लागेल. ही बातमी आली त्या दिवशी आमच्या गल्लीतला एक रास्ता सुतार दुकानासमोर गाणी लावून बसला होता.

चर्चबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. स्वातंत्र्य ६ जुलै १९६४ ला मिळालं आणि पुढे हेस्टिंग्ज कामुझू बांडा तहहयात राष्ट्राध्यक्ष झाले. एकच पक्ष, त्याचं कार्ड जवळ नसेल तर बसमध्ये चढू देत नसत, बाजारात जाऊ देत नसत. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी कार्ड घ्यायला नकार दिला म्हणून त्यांच्यावर बंदी, मारहाण, घरं जाळली, हजारो झांबिया-मोझांबिकला पळाले. बायकांनी पॅंट घालायची नाही, पुरुषांनी केस वाढवायचे नाहीत. भारतीय वंशाच्या दुकानदारांना सत्तरच्या दशकात खेड्यातून उठवून मोठ्या शहरांत आणलं, लिंबेत आज दिसणारी गर्दी त्यातूनच. तीस वर्षं कुणी तोंड उघडलं नाही. आणि मग ८ मार्च १९९२, ईस्टरच्या आधीच्या उपासकाळाचा पहिला रविवार, देशभरच्या सगळ्या कॅथलिक चर्चमध्ये बिशपांचं एकच पत्र वाचलं गेलं. शाळांची अवस्था, दवाखान्यांची अवस्था, भीती, अन्याय, सगळं स्पष्ट लिहिलेलं. आमच्या गोदामात वजनकाट्यावर बसणारे एक बाबा आहेत, ते तेव्हा तरुण होते, सांगतात की वाचन संपल्यावर काही क्षण कुणी हललं नाही आणि मग लोक उभे राहून टाळ्या वाजवत रडायला लागले. पुढच्या वर्षी सार्वमत झालं, १९९४ मध्ये निवडणूक, आणि बांडा हरले. मतपेटीतूनच. हे सांगताना त्या बाबांचा आवाज अजून बदलतो.

नैरोबीकर

मी केनियात असतो, दोनदा मालावीला जाऊन आलोय. यात भर म्हणून, चर्च-मशिदीच्या खालचा जुना थर विसरू नका. चेवांचं गुले वाम्कुलू, म्हणजे मोठं नृत्य. न्याउ नावाची दीक्षा घेतलेल्या पुरुषांची मंडळी असते, मुखवटे आणि चिंध्यांचे पोशाख घालून नाचतात, आणि त्या क्षणी तो माणूस नसतो, पूर्वजाचा आत्मा किंवा रानातलं जनावर असतो. आपल्याकडे दशावतारात किंवा बोहाड्यात सोंग घेतलेल्या माणसाच्या लोक पाया पडतात ना, त्याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे, फक्त इथे गुप्तता कडक. मिशनऱ्यांनी वर्षानुवर्षं बंद पाडायचा प्रयत्न केला, न्याउवाल्यांनी मिशनऱ्यांचीच सोंगं काढून नाचवली. २००५ ला युनेस्कोने त्याला वारसा म्हणून मान दिला. म्युआ मिशनमध्ये फादर क्लॉड बुशे या कॅथलिक पाद्र्यांनी १९७६ पासून कुंगोनी केंद्र चालवलं, तिथे मुखवट्यांचं मोठं संग्रहालय आहे, जरूर बघा कुणी गेलात तर. ज्या चर्चने विरोध केला त्याच चर्चच्या एका माणसाने ते जपलं.

कावेरी_नाशिक

जादूटोण्यावरून म्हाताऱ्या बायकांना मारतात असं वाचलं होतं, आणि अल्बिनो (जन्मतः त्वचेला-केसांना रंग नसलेल्या) लोकांचे खून. हे खरं आहे का? एवढी चांगली माणसं म्हणताय म्हणून विचारते.

भाकरतुकडा

खरं आहे कावेरी आणि मी ते झाकणार नाही. २०१४ च्या शेवटापासून अल्बिनिझम असलेल्या लोकांवर हल्ले वाढले, त्यांच्या हाडांनी पैसा येतो असल्या समजुतीपायी. लहान मुलं पळवली, पुरलेली प्रेतं उकरली. २०१८ मधल्या एका तरुणाच्या खुनात पाद्री, पोलीस आणि त्या मुलाचा सख्खा भाऊ यांनासुद्धा शिक्षा झाली. आमच्या बाजूच्या शाळेत तशी एक मुलगी आहे, तिची आई रोज तिला पोचवते आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर बसून राहते, उन्हात, मांडीवर विणकाम घेऊन. वर्षभर. म्हाताऱ्यांवर आरोप होतात तेही खरं, गावात पोर दगावलं, वीज पडली की बोट एकट्या म्हातारीकडे जातं. कायदा असे आरोप करणाऱ्यालाच गुन्हेगार धरतो, १९११ चा कायदा आहे, पण गावात कायदा पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि त्याच गावांत चांगलं पण घडतं. देद्झा जिल्ह्यात थेरेसा काचिंदामोटो नावाच्या बाई मोठ्या प्रमुख होत्या, त्यांनी आठशेच्या वर बालविवाह मोडून मुलींना परत शाळेत पाठवलं, न ऐकणाऱ्या आपल्या हाताखालच्या गावप्रमुखांना काढून टाकलं. २०१७ ला घटनाच बदलून लग्नाचं वय अठरा केलं. खेड्यात अजून होतात, पण आता निदान दाद मागायला जागा आहे.

डॉ. सुमेध

धागा आजच बघितला. मी २०११ ते २०१३ राजधानी लिलोंग्वेजवळच्या एका ग्रामीण रुग्णालयात होतो. एक गोष्ट जगाने मालावीकडून शिकली ती इथे नोंदवतो. एचआयव्ही खूप होता, आणि गरोदर बायकांना औषध सुरू करायचं की नाही हे ठरवायला रक्तातल्या पेशी मोजणारं मशीन लागायचं, ते खेड्यात नव्हतंच. २०११ मध्ये मालावीने ठरवलं की मशीनची वाट बघायची नाही, एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला लगेच औषध आणि ते जन्मभर. तेव्हा बाहेरच्या तज्ज्ञांना हे परवडणार नाही असं वाटत होतं. दोन वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेने तेच सगळ्यांसाठी सुचवलं. एवढ्या गरीब देशाने स्वतःची अडचण बघून काढलेली वाट, आणि कितीतरी बाळं त्यामुळे निरोगी जन्माला आली, काही माझ्या हातात.

दुसरं, तिथे रुग्ण एकटा कधीच नसतो. नातेवाईक सोबत येतो, आवारात चूल मांडतो, न्सिमा शिजवतो, कपडे धुतो, खाटेखाली चटईवर झोपतो. दोन खाटांमधे एक नर्स नाही, चाळीस-पन्नास रुग्णांमागे एक असायची रात्री. ती सोबतची बहीण किंवा आई नसती तर रुग्णालय चाललंच नसतं. देशातल्या आरोग्यसेवेचा साधारण तिसरा हिस्सा चर्चची रुग्णालयं सांभाळतात हेही सांगायला हवं.

वाशीची मीरा

भाकरतुकडा, वडिलांचं लिहिणार होतीस. नको वाटत असेल तर राहू दे.

भाकरतुकडा

लिहिते ताई. खरं तर हा धागा काढायचं कारण तेच आहे.

इथे मरण म्हणजे मालिरो. गावात कुणी गेलं की शेतावर कुणी जात नाही, नांगर-कुदळ बंद. रस्त्यावर झाडाच्या हिरव्या फांद्या टाकतात म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं, गाड्या हळू होतात. बायका घरात जमिनीवर बसतात, पुरुष बाहेर. प्रत्येक घरातून पीठ येतं, लाकडं येतात, थोडे पैसे येतात, कितीही कमी असले तरी. कुणाच्या मालिरोला न जाणं हे चोरीपेक्षा वाईट समजतात, कारण उद्या तुझ्या घरी कोण येणार. सुरुवातीला मला याचा त्रास व्हायचा, गोदामात दर आठवड्याला कुणीतरी सुट्टी मागायचं, मावसआजी, चुलतमामा, शेजारी. मी एकदा एका बाईची रजा नाकारली होती, हंगाम होता म्हणून. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. ते अजून मला छळतं.

मे २०२१. वडिलांना कोरोना झाला, उदगीरला ऑक्सिजन मिळाला नाही, चार दिवसांत संपलं. विमानं नव्हती. भावाने फोनवर अग्नी दाखवला. मी लिंबेत, नवरा नकालाला अडकलेला, मुलगी पाच वर्षांची. आमच्याकडे स्वयंपाकाला मदतीला येणाऱ्या मावशी फालोम्बेच्या, लोम्वे, त्यांना सकाळी सांगितलं आणि त्या एक शब्द न बोलता निघून गेल्या. मला वाटलं घाबरल्या. तासाभराने दारात आवाज आला, "ओडी". इथे दार वाजवत नाहीत, बाहेरून ओडी म्हणतात आणि आतून ओडिनी आलं की मगच पाऊल टाकतात. मी ओडिनी म्हटलं आणि एकामागून एक बायका आत आल्या, गल्लीतल्या, गोदामातल्या, बाजूच्या याओ घरातल्या दोघी डोक्यावरून ओढणी घेऊन, आणि ती रजा नाकारलेली बाई पण. चप्पल बाहेर काढून सगळ्या जमिनीवर बसल्या. खुर्च्या रिकाम्याच. कुणी काही समजावलं नाही, देवाची इच्छा वगैरे काही नाही. "पेपानी, पेपानी" एवढंच, म्हणजे वाईट झालं गं. मग एकीने भजन धरलं आणि बाकीच्यांनी उचललं, चार आवाजांत, आणि उजाडेपर्यंत थांबल्या नाहीत. माझे वडील वारकरी होते, माळ होती गळ्यात. त्यांच्यासाठी रात्रभर भजन झालं, चिचेवात. सकाळी जाताना उंबऱ्याजवळ मक्याच्या पिठाची ढीगभर पुडकी होती. मे महिना, नुकती सुगी झालेली, तरी मला माहीत होतं कुणाच्या घरी किती आहे ते.

मार्च २०२३ मध्ये फ्रेडी वादळ आलं. ब्लँटायरच्या सोचे डोंगराखालच्या चिलोब्वेसारख्या वस्त्या रात्रीत चिखलाखाली गेल्या, कोळशासाठी डोंगर बोडका झालेला, वरून दगड-माती सुटली. गेलेले आणि बेपत्ता धरून देशात हजाराच्या वर माणसं. आमच्या गोदामातल्या तिघांची घरं गेली. तेव्हा मी पीठ घेऊन गेले आणि दाराशी उभी राहून ओडी म्हटलं. दार नव्हतंच, नुसती चौकट उरली होती. आतून आवाज आला, "ओडिनी".

कावेरी_नाशिक

वाचून सुन्न झाले. प्रश्न विचारताना माझा सूर जरा चुकला होता का असं वाटतंय.

भाकरतुकडा

नाही गं, विचारलंस ते बरंच झालं.

औसेकर शेतकरी

ताई, वडिलांचं मला माहीत नव्हतं आणि मी नमस्कार सांगा म्हणून लिहून बसलो. माफ करा.

एक विचारायचं होतं. तिकडं ती तूर विकतेत ते कळलं, पण खातेत कशी? वरण करतेत का?

भाकरतुकडा

माफी कसली दादा.

डाळ करत नाहीत, भरडायला गिरणीत द्यायची तर ती मक्यालाच. वाळलेली तूर अख्खी शिजवतात, तासन्‌तास, सरपण फार लागतं म्हणून रोज नाही परवडत. मीठ, टोमॅटो, कांदा, बस. न्सिमाबरोबर. पण जूनमध्ये शेंगा भरल्या की हिरव्या शेंगा तशाच मिठाच्या पाण्यात उकडून टोपल्यात घेऊन पोरं रस्त्यावर विकायला बसतात, आणि लोक चालता चालता सोलून खातात.

औसेकर शेतकरी

आमच्याकडं पण तेच की. धुऱ्यावर बसून.

भाकरतुकडा

हो ना. मी पहिल्यांदा खाल्ल्या तेव्हा थ्योलोच्या रस्त्यावर गाडी थांबवून दोन टोपल्या घेतल्या होत्या. त्यांची एक जुनी जात आहे, म्थावाजुनी, जूनला शेंगा देणारी, लवकर येते म्हणून लोकांची आवडती. दाणा जरा लहान असतो, पण हिरवा असताना गोड. या जूनमध्ये फोटो टाकते तुमच्यासाठी.